चारातल्या तीन जागा पालकांच्या

जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत मूल घातलं की शाळेकडे काही मागायचं नसतं, अशी समजूत आपल्याकडे खोलवर बसली आहे. फी भरत नाही, मग बोलायचं कोणत्या तोंडानं? गुरुजी रागावले तर पोराला त्रास होईल. तपासणीला साहेब येतात, ते बघतीलच की. ही भीती खरी आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण सरकारी शाळा म्हणजे सरकारनं आपल्यावर केलेले उपकार, हा तिच्यामागचा समज कायद्याला धरून नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. लोक त्याला आरटीई म्हणतात. आरटीई म्हटलं की बहुतेकांना खासगी शाळांतले २५ टक्के प्रवेश आणि ऑनलाइन सोडत एवढंच आठवतं. त्याच कायद्याचं कलम २१ फारसं कुणी वाचत नाही. ते सांगतं की सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे, तिच्यातले किमान तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेतल्या मुलांचे आईवडील किंवा पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. लाखभर रुपये फी घेणाऱ्या विनाअनुदानित शाळेतल्या पालकाला हे कलम लागूच होत नाही. तिथं पालक-शिक्षक संघ असतो, फीवाढीच्या प्रश्नात त्याला बोलता येतं, पण कारभारात बहुमत मिळत नाही. गावच्या मराठी शाळेतल्या शेतमजूर आईला ते मिळालं आहे. ते वापरायचं कसं आणि समितीवर नसलेल्या पालकालाही कायदा काय देतो, ते इथं सांगायचं आहे.

सही करण्याआधी

महाराष्ट्रात ही समिती साधारण १२ ते १६ जणांची असते. बारा जणांची असेल तर त्यांतले नऊ पालक. ही नऊ नावं मुख्याध्यापकांनी किंवा सरपंचांनी आधी ठरवून वाचून दाखवायची नसतात. पालकसभा बोलवायची, तिची सूचना आधी द्यायची आणि सगळ्यांसमोर निवड करायची. वंचित गटांतल्या आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्या मुलांच्या प्रमाणात जागा द्यायच्या, असंही कायदाच सांगतो. म्हणजे शाळेत पारधी वस्तीवरची किंवा ठाकरवाडीतली मुलं मोठ्या संख्येनं असतील तर त्या वस्तीतला पालक समितीत हवाच. उरलेल्या चौथ्या हिश्शात स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी, शिक्षकांचा प्रतिनिधी आणि गावातली शिक्षणाची जाण असलेली व्यक्ती असते. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात, अध्यक्ष नसतात. दर दोन वर्षांनी समिती नव्यानं निवडायची आणि बैठक महिन्यातून एकदा घ्यायची.

प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी काय होतं, ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. बैठक होत नाही, बैठकीचं रजिस्टर मात्र फिरतं. शिपाई किंवा एखादा मोठा विद्यार्थी ते घरी घेऊन येतो, समितीवरच्या बाई चुलीपुढून उठून येतात, दाखवलेल्या जागी सही करतात किंवा अंगठा उठवतात आणि रजिस्टर पुढच्या घरी जातं. त्या एका सहीनं काय मंजूर झालं, हे सही करणारीला कळत नाही. माझ्या मते या कायद्याचं सगळ्यात मोठं नुकसान या फिरत्या रजिस्टरनं केलं आहे. त्यात वाईट हेतू दरवेळी असतोच असं नाही. दोनशिक्षकी शाळेतल्या मुख्याध्यापकांना वर्ग, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती यांतून बैठक घ्यायला खरोखर वेळ मिळत नाही. पण परिणाम तोच होतो.

म्हणून समितीवर असाल तर पहिला नियम धरा: कोऱ्या पानावर आणि न वाचलेल्या ठरावाखाली सही करायची नाही. वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. घरातली सातवीतली मुलगीही हे काम छान करते. बैठकीची वेळ संध्याकाळची किंवा बाजाराच्या दिवशीची मागा, कारण दुपारी बारा वाजता रोजंदारी बुडवून कोण येणार? मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचल्याशिवाय नवा विषय घेऊ देऊ नका. आणि जे ठरलं ते बैठक संपण्यापूर्वीच रजिस्टरात उतरवून घ्या, ठरावाला सूचक कोण आणि अनुमोदक कोण या नावांसह. तोंडी बोलणं शाळेच्या दाराबाहेर टिकत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर लिहिलेला ठराव पोचतो.

समितीवर नसाल तरी पालकसभेत समिती काय करते हे विचारता येतं. शिवाय माहितीच्या अधिकाराखाली इतिवृत्ताची प्रत मागता येते. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला हे शुल्कही नाही. तरीही मी म्हणेन की माहिती अधिकार ही पहिली पायरी करू नका. आधी जाऊन विचारा. बऱ्याच शाळांत, नीट विचारल्यावर, रजिस्टर समोर ठेवलं जातं.

पैसा कुठून येतो, कुठं जातो

शाळेचं काम कसं चाललंय यावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख करणं ही समितीची कायद्यात लिहिलेली कामं आहेत. यांतलं तिसरं काम पालक सगळ्यात जास्त टाळतात, कारण हिशेब विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं वाटतं. तसं मानू नका. प्रामाणिक मुख्याध्यापकाला हिशेब विचारणारी समिती आवडते, कारण उद्या कुणी बोट दाखवलं तर तो एकटा पडत नाही.

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,००० आणि २५० पर्यंत ५०,००० असे त्याचे टप्पे आहेत, आणि त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. रक्कम मोठी नाही. वीजबिल, खडू, झाडू आणि गळकी टाकी एवढ्यातच ती संपते. तरी ती आली कधी, किती आली आणि कशावर गेली, हे दर वर्षी पालकसभेत वाचलं जावं, असा ठराव करून ठेवा. गावकऱ्यांनी दिलेली वर्गणी, एखाद्या कंपनीनं दिलेले संगणक, माजी विद्यार्थ्यांनी दिलेला टीव्ही, हेही त्याच हिशेबात येतं. कायद्यात ‘इतर कोणत्याही स्रोतातून’ आलेला पैसा स्पष्ट नमूद आहे.

समितीच्या हातून अधिकार गेले की काय होतं, हे गणवेशाच्या बाबतीत महाराष्ट्रानं नुकतंच पाहिलं आहे. पूर्वी दोन गणवेशांसाठी विद्यार्थ्यामागे ६०० रुपये समितीकडे यायचे आणि समिती गावातल्या किंवा तालुक्याच्या शिंप्याकडून कपडे शिवून घ्यायची. मग ‘एक राज्य, एक गणवेश’ असं धोरण आलं, कापड राज्य पातळीवर खरेदी झालं, आणि २०२४-२५ मध्ये कित्येक शाळांत अर्धं वर्ष उलटलं तरी गणवेश पोचले नाहीत. पोचले ते मापात नव्हते. ओरड झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा आता कापड कुठलं, शिलाई किती, मापं कोण घेणार, हे विचारणं तुमचं काम आहे. गावातल्या बचत गटाला शिलाई द्यायची असेल तर ते समितीत बोलून ठरवा, दरपत्रकं मागवा, ठराव लिहा.

आणखी एक गोष्ट मोबाईलवरच करता येते. प्रत्येक शाळेला ११ अंकी युडायस क्रमांक असतो. युडायस प्लसच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकानं शाळेचं प्रगतिपत्रक उघडतं: शिक्षक किती, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, पिण्याचं पाणी आहे का, उतार म्हणजे रॅम्प आहे का. ही माहिती शाळेनंच भरलेली असते. तिथं ‘स्वच्छतागृह: चालू’ असं लिहिलं आहे आणि प्रत्यक्षात त्याला कुलूप आहे, तर समितीच्या बैठकीत ही तफावत मांडा. कागदोपत्री सोय झालेली दिसली की वरून निधी येत नाही, हे मुख्याध्यापकांनाही पटेल.

डिसेंबर चुकवू नका

शाळा विकास आराखडा हा शब्द ऐकून पालक मागे सरतात. तो तीन वर्षांचा कागद असतो. वर्गनिहाय मुलं किती होतील, त्याप्रमाणे शिक्षक किती लागतील, खोल्या किती, दुरुस्ती काय, खर्च किती, हे त्यात लिहायचं. सरकारनं आणि स्थानिक संस्थेनं अनुदानाचं नियोजन या आराखड्याच्या आधारे करावं, असं कलम २२ सांगतं. आर्थिक वर्ष संपण्याच्या निदान तीन महिने आधी तो तयार असायला हवा, म्हणजे डिसेंबर अखेर. मार्चमध्ये मागच्या वर्षीचीच प्रत तारीख बदलून पाठवली जात असेल तर तुमच्या शाळेची भिंत पुढच्या वर्षीही तशीच राहणार.

आराखड्यात काय मागायचं याची मापं कायद्याच्या परिशिष्टातच आहेत. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. सहावी ते आठवीत प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, आणि त्यांत विज्ञान-गणिताचा, सामाजिक शास्त्राचा आणि भाषेचा असे शिक्षक हवेत. प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, आहार शिजवायला स्वयंपाकघर, मैदान, कुंपण, ग्रंथालय. पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस, सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. ही यादी छापून शाळेच्या व्हरांड्यात लावण्याचा ठराव समितीनं केला तर त्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. म्हणून एखाद्या वस्तीवरची मुलं अजून शाळेत नाव घालायची राहिली असतील तर ती ऑगस्टमध्येच शोधा. पट कमी झाला की शिक्षक जातो, शिक्षक गेला की पालक मूल दुसरीकडे नेतात आणि पट आणखी घसरतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्यानं २०२३ पासून पुढे आणला आहे. पुण्याजवळचं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं त्यासाठी दिली गेली. तुमच्या शाळेबद्दल असा प्रस्ताव आला तर अंतर मोजा. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असं महाराष्ट्राच्या नियमांत आहे. त्याहून लांब जायचं तर वाहनाची सोय लेखी मागा. पावसाळ्यात मधला ओढा भरतो का, हेही ठरावात लिहा. सहा वर्षांच्या मुलीनं रोज कसं जायचं, याचा विचार नकाशावर होत नाही. तो तिच्या आईलाच मांडावा लागतो.

प्रवेश आणि कागदपत्रं

वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). सत्र सुरू झालं म्हणूनही नाकारता येत नाही (कलम १५). शाळा बदलताना जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तर नव्या शाळेनं मूल थांबवून ठेवायचं नाही, आणि दाखला देण्यात दिरंगाई करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो (कलम ५). कधीच शाळेत न गेलेलं दहा वर्षांचं मूल पहिलीत बसवायचं नाही. त्याला वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं (कलम ४). प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा, मुलाखत घ्यायची नाही (कलम १३). या कलमांचे आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. शाळेत गेल्यावर उपयोगी पडतात.

आधारचा गोंधळ मात्र जरा सविस्तर सांगायला हवा. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही. तरीही शाळेतून ‘आधार आणा, आधार अपडेट करा’ असे निरोप येतच राहतात. कारण आपल्याकडे शिक्षकांची पदं ठरवताना आधार जुळलेलीच मुलं मोजण्यावर भर दिला गेला. नावातल्या एका वेलांटीमुळे मूल मोजणीतून बाहेर राहतं. इथं शिक्षक आणि पालक यांनी एकमेकांवर चिडण्यात अर्थ नाही. आधार काढणं सोयीचं असेल तर काढा, शाळेला मदत करा. पण अडचण असेल तर मूल रोज वर्गात बसलंच पाहिजे आणि त्याला पुस्तक, आहार, गणवेश मिळालाच पाहिजे, एवढं ठामपणे सांगा. हल्ली ‘अपार’ ओळख क्रमांकासाठी पालकांचं संमतीपत्रक मागतात. ते ऐच्छिक आहे. वाचून, समजून सही करायची की नाही हे तुम्ही ठरवायचं आहे.

अपंगत्व असलेल्या मुलाच्या पालकांनी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा लक्षात ठेवावा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर मोफत शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षी संपत नाही, अठराव्यापर्यंत चालतो. आणि जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड मुलाची आणि तुमची असते.

मूल शिकतंय का

मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची कुवत आणि प्रगती यांबद्दल पालकांना नियमित भेटून सांगणं हे शिक्षकाचं कायदेशीर कर्तव्य आहे (कलम २४). म्हणजे प्रगतिपुस्तकावर सही घेणं पुरेसं नाही. मुलगी तिसरीत आहे, तिला सलग वाचता येतं का, हातच्याची बेरीज येते का, हे तुम्ही विचारावं आणि शिक्षकांनी तिची वही उघडून दाखवावी, अशी ही भेट हवी. जाऊन ‘आमची पोरगी कशी आहे?’ विचारलं की ‘चांगली आहे’ असं उत्तर मिळतं. ‘हे पान तिला माझ्यासमोर वाचायला सांगाल का?’ असं विचारून बघा.

पाचवी आणि आठवीच्या परीक्षेबद्दल पालकांमध्ये बरीच धास्ती आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा घेता येते आणि महाराष्ट्रानं ती सुरू केली आहे. पण नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यायची, हे त्याच दुरुस्तीत लिहिलं आहे. ते जादा तास खरोखर होतात का, हे मे महिन्यात शाळेत जाऊन पाहा. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, हा नियम कायम आहे.

शाळेच्या वेळेत शिक्षक दिसत नसतील तर ते कुठल्या कामावर गेले हे विचारा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच बिगरशैक्षणिक कामं कायद्यानं शिक्षकांना लावता येतात. बाकीच्या कामांविरुद्ध समितीनं ठराव केला तर शिक्षक तुमचे ऋणी राहतील. हा लढा दोघांचा आहे.

मार, भीती आणि त्याहून गंभीर गोष्टी

‘चांगलं बदडा, पण शिकवा’ असं सांगणारे पालक अजून आहेत. तुम्ही परवानगी दिली तरी शिक्षकाला मारता येत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना कलम १७ नं बंदी आहे. जातीवरून हिणवणं, सगळ्यांसमोर उभं करून अपमान करणं हाही छळच.

लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी शाळेच्या समितीत चर्चा करत बसू नका. पोक्सो कायदा, २०१२ सांगतो की माहिती असलेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. संस्थाप्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणात गुन्हा नोंदवण्यात झालेल्या विलंबावर मुंबई उच्च न्यायालयानं कडक ताशेरे ओढले, ते आठवा आणि पोलीस ठाण्यातून पोच घेतल्याशिवाय उठू नका. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालतो. मुलाचं नाव, शाळेचं नाव, फोटो यांतलं काहीही गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाऊ देऊ नका. तो स्वतंत्र गुन्हा आहे.

घरचा धर्म, घरची भाषा

पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते असेल तर अल्पवयीन मुलाला त्यात बसवण्यासाठी पालकाची संमती लागते. हे संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये आहे. केरळमध्ये यहोवाचे साक्षीदार या पंथातल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल शाळेनं काढलं, तेव्हा त्यांचे वडील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मुलं राष्ट्रगीताच्या वेळी आदरानं उभी राहत होती, फक्त त्यांच्या श्रद्धेमुळे गात नव्हती. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायालयानं त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. बिजॉय इमॅन्युएल खटला म्हणून तो निकाल आजही आधार देतो.

शिक्षणाचं माध्यम कोणतं, हे पालक आणि मूल ठरवतील, सरकार लादू शकत नाही, असा निर्णय पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ६ मे २०१४ रोजी कर्नाटकच्या प्रकरणात दिला. मराठी माध्यमावर माझं मनापासून प्रेम आहे आणि मूल आधी आपल्या भाषेत शिकावं असं मला वाटतं. पण ते पालकांना पटवून द्यायचं आहे, भाग पाडायचं नाही, हे मला मान्य आहे. पहिलीपासून हिंदी आणणारे १६ एप्रिल आणि १७ जून २०२५ चे शासन निर्णय महाराष्ट्र सरकारनं २९ जूनला मागे घेतले, तेही पालक, शिक्षक आणि लेखक बोलले म्हणूनच.

मात्र पाठ्यपुस्तकातला धडा आवडला नाही म्हणून तो शिकवू नका, असं आपल्याकडे पालकाला सांगता येत नाही. अमेरिकेत त्यावरच मोठा वाद आहे, आणि जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मेरीलँडमधल्या पालकांना धर्माच्या कारणानं काही गोष्टींच्या पुस्तकांच्या तासाला मूल न बसवण्याची मुभा दिली. आपला कायदा अभ्यासक्रम ठरवण्याचं काम राज्याच्या शैक्षणिक प्राधिकरणाला देतो. मला हे योग्य वाटतं. प्रजननाचा धडा किंवा जातिअंताचा इतिहास एकेका घराच्या पसंतीवर सोडला तर ज्या मुलीला तो सगळ्यात जास्त लागणार, तिच्याच घरून नकार येईल.

ताट

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. वाढण्याआधी मोठ्या माणसांनी, त्यात शिक्षकानं, चव घेऊन नोंद करायची असते. महिन्यातून दोन आया आळीपाळीनं जेवणाच्या वेळी गेल्या, तांदूळ आणि डाळ पाहिली, मुलांबरोबर जेवल्या, की बाकी फार काही करावं लागत नाही. शिजवणाऱ्या बाईंचं मानधन थकलंय का, हेही विचारा. ते तुटपुंजं आहे आणि वेळेवर येत नाही, त्याचा परिणाम ताटात उतरतो.

तक्रार करायची झाली तर

आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. ही रोजची वाट. कलम ३२ खाली मुलाच्या हक्काबद्दल कुणालाही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार देता येते. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. अर्जात राग कमी आणि तारखा जास्त लिहा. ‘शाळेत पाणी नाही’ यापेक्षा ‘१७ जूनपासून टाकीत पाणी नाही, मुली दुपारी घरी येतात, ५ जुलैच्या बैठकीत ठराव क्रमांक ३ झाला’ हे वाचणाऱ्याला टाळता येत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. एकट्यानं जाऊ नका. मुलाला त्रास होईल ही सुरुवातीची भीती पाच-सहा पालकांची नावं एकाच अर्जावर असली की बरीच कमी होते. पाणी, स्वच्छतागृह, कुंपण हे विषय ग्रामसभेतही न्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा त्यासाठीच आहेत.

शिक्षकाची बदली करा, असा ठराव पुष्कळ समित्या पहिल्या झटक्यात करतात. त्यानं क्वचितच काही साधतं. बदली समितीच्या हातात नाही आणि नंतर येणारा शिक्षक आधीच सावध होऊन येतो.

राहिली ती ऊसतोडीला जाणारी घरं. दसरा-दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर, जालन्यातून हजारो कुटुंबं कारखान्यांच्या फडांवर निघतात आणि मुलं गाडीत बसतात. निघण्याआधी तीन पर्याय विचारून घ्या. गावातच मूल ठेवायचं असेल तर हंगामी वसतिगृहाची मागणी समितीच्या ठरावानं सप्टेंबरमध्येच पाठवा. नोव्हेंबरमध्ये पाठवलेला प्रस्ताव मंजूर होईपर्यंत टोळी निघून गेलेली असते. आजीजवळ राहणार असेल तर आजीचं नाव पालक म्हणून शाळेत नोंदवा, म्हणजे सभेला बोलावणं तिला येईल. बरोबर नेणार असाल तर वर्गशिक्षकांकडून शिक्षण हमी पत्रक भरून घ्या. मूल कोणत्या इयत्तेत आहे आणि त्याला काय येतं, हे त्यावर असतं, आणि कारखान्याजवळच्या शाळेनं ते पाहून त्याच दिवशी वर्गात बसवायचं असतं. एक प्रत मुकादमाकडे नको, आईजवळ ठेवा. एप्रिलमध्ये परत आल्यावर तिथल्या हजेरीची नोंद घेऊन गावच्या शाळेत जा, आणि मधल्या महिन्यांत राहिलेल्या अभ्यासासाठी जादा तास मागा.